ईश्वरीला गहू चालत नाही

मी अंगणवाडी सेविका आहे. जिंतूर तालुक्यात, चारठाण्याच्या अलीकडे आमचं गाव. गेली बारा वर्षं मी दर महिन्याला गावातल्या लहान मुलांची वजनं करते. मूल काट्यावर ठेवायचं, आकडा बघायचा, तक्त्यावर टिंब द्यायचं. टिंब हिरव्या पट्ट्यात पडलं की आईला शाबासकी. पिवळ्यात पडलं की चार गोष्टी सांगायच्या. लाल पट्ट्यात पडलं तर घरी जाऊन पुन्हा पुन्हा सांगायच्या.

लाल पट्ट्यातल्या मुलाच्या आईबद्दल माझं एक मत तयार असायचं. बाई लक्ष देत नसेल. शेतात जाताना लेकरू कुणाच्याही भरवशावर टाकत असेल. मी हे तोंडावर म्हणत नव्हते, पण माझ्या बोलण्यातून ते त्यांना कळत असणार. आता कळतं, नक्कीच कळत होतं.

त्या दिवशी मदतनीस शांताबाईंनी माझ्याच मुलीला, ईश्वरीला, काट्यावर ठेवलं. ती अडीच वर्षांची होती. शांताबाईंनी आकडा बघितला. तिला खाली उतरवलं, पुन्हा ठेवलं.

"मॅडम, काटा बिगडला जणू," त्या म्हणाल्या.

त्यांनी दुसरं मूल ठेवून बघितलं. काटा बरोबर होता. ईश्वरीचं वजन साडेआठ किलो भरलं होतं.

एक गोष्ट इथंच कबूल करते. त्याआधीचे तीन महिने मी तिचं वजन केलंच नव्हतं. आज सर्दी आहे, आज झोपलीय, असं म्हणत अंदाजाने आकडा लिहून टाकला होता. मला दिसत होतं. रोज अंघोळ घालताना तिच्या दंडाभोवती माझी दोन बोटं सहज मिळत होती. पण आकडा लिहिला की ते खरं होणार होतं.

बाहेर ओसरीवर बायका बसल्या होत्या. त्यातली एक दुसरीला हळूच म्हणाली, "अंगणवाडीच्या बाईचंच लेकरू बघ की." मला ऐकू जाऊ नये म्हणून ती हळू बोलली होती, हे मला जास्त लागलं.

बळंच चारलेली लापशी

ईश्वरी जन्मली तेव्हा चांगली गुटगुटीत होती. सातव्या महिन्यात मी तिला वरचं खाणं सुरू केलं. मी प्रशिक्षण घेतलेली बाई, मला सगळं माहीत होतं. गव्हाची लापशी, सुकडी, दुधात कुस्करलेली पोळी. मी गावातल्या सगळ्यांना जे सांगत होते तेच माझ्या घरात करत होते.

एक वर्षाची झाल्यावर तिला पातळ शी व्हायला लागली. पिवळट, फेसाळ, असा वास की दुपटं धुताना मला तोंड फिरवावं लागायचं. पोट फुगलेलं आणि हातपाय काटकुळे. केस पिंगट झाले. पण या सगळ्यापेक्षा मला आठवतं ते तिचं गप्प होणं. ती चालायला लागली होती, ते चालणं तिनं सोडून दिलं. अंगणात बकऱ्यांची पिल्लं उड्या मारायची आणि ही भिंतीला टेकून नुसती बघत बसायची. हसायची नाही. उचलून घेतलं की किरकिर, खाली ठेवलं तरी किरकिर.

आमच्या घरात मेंढ्या-बकऱ्या आहेत आणि थोडी कोरडवाहू जमीन. ईश्वरीचे पप्पा मारोती सकाळी कळप घेऊन जातात ते दिवस मावळताना येतात. घरात मी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणते.

आत्या म्हणायच्या, "भाकर दे तिला वरणात कालवून. तेवढं तर खायलीय."

आणि खरंच, ज्वारीची भाकर ती खायची. लापशी बघितली की मात्र तोंड घट्ट मिटून घ्यायची. मी आत्यांना म्हणायचे, "नुसत्या भाकरीनं वजन वाढत नसतं. तिला सकस पाहिजे." मग मी तिला मांडीवर आडवी घ्यायचे, तिचे दोन्ही हात माझ्या काखेत धरायचे आणि लापशीचा चमचा दातांच्या फटीतून आत सारायचे. ती रडायला तोंड उघडायची, की दुसरा चमचा.

दीड वर्ष मी हे केलं. दिवसातून तीनदा.

दूध बंद

आधी जिंतूरला दाखवलं. जंताचं औषध झालं, मग दुसऱ्या डॉक्टरांचं पोट बांधायचं औषध झालं. एका डॉक्टरांनी दूध पचत नसेल म्हणून दूध बंद करायला सांगितलं. ज्या घरात दारातच बकऱ्या बांधलेल्या, तिथं दीड-दोन वर्षांच्या पोरीला दूध नाही, हे आत्यांना काही केल्या पटेना. तरी आम्ही बंद केलं. आठ-दहा दिवस जरा फरक पडला. शी घट्ट झाली. मी मनातल्या मनात नवस बोलले. मग परत तेच सुरू.

आत्यांनी दृष्ट काढली. मी नको म्हटलं नाही. तेव्हा कुणी काहीही करा म्हटलं असतं तरी मी केलं असतं.

वजनाच्या त्या दिवसानंतर मात्र मी थांबले नाही. पर्यवेक्षिका मॅडमना फोन करून खरं सांगितलं, की तीन महिन्यांचे आकडे मी अंदाजाने लिहिलेत. त्या म्हणाल्या, "ते नंतर बघू. आधी पोरीला परभणीला घेऊन जा. उद्याच जा."

परभणी

परभणीच्या दवाखान्यात लहान मुलांच्या डॉक्टर मॅडम होत्या. गर्दी खूप होती. आमचा नंबर येईपर्यंत दुपार झाली. ईश्वरी तिच्या पप्पांच्या खांद्यावर मान टाकून पडलेली. तिच्या वयाची दुसरी मुलं या बाकावरून त्या बाकावर पळत होती.

मॅडमनी तिला टेबलावर निजवून पोट दाबून बघितलं, पापणी ओढून बघितली, उंची मोजली. मग खुर्चीत बसून मला विचारलं, "हिला काय काय खायला देता? सकाळपासून सांगा."

मी सांगायला लागले. सकाळी सुकडी. दहा वाजता बिस्कीट. दुपारी पोळी. संध्याकाळी लापशी. मी जरा अभिमानानेच सांगत होते, कारण मला वाटत होतं की त्या मला निष्काळजी समजतायत. त्या लिहीत गेल्या आणि प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढत गेल्या.

"हे तुम्ही जे जे सांगितलं ते सगळं गव्हाचं आहे," त्या म्हणाल्या. "भाकरी खाते का?"

"भाकर मागून खाती," ईश्वरीचे पप्पा मधेच म्हणाले. "हिची आई देत न्हाई."

ते रागाने म्हणाले नव्हते. पण मी खाली बघितलं.

रक्त तपासायला दिलं. तीन-चार दिवसांनी परत बोलावलं. तेव्हा मॅडमनी कागद समोर ठेवला आणि एक नाव सांगितलं. सिलिएक. मी ते नाव त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. त्यांनी समजावलं ते मला अजून शब्दशः आठवतं. आपल्या आतड्याला आतून मखमलीसारखी बारीक लव असते. अन्नातलं सत्त्व ती लव शोषून घेते. काही मुलांच्या शरीराला गव्हातला एक घटक शत्रू वाटतो. शरीर त्याच्याशी भांडतं, आणि त्या भांडणात ती लव झडून जाते. मग मूल कितीही खाऊ दे, अंगी लागत नाही. लव झडल्यामुळे दूधही पचेनासं होतं. म्हणून दूध बंद केल्यावर थोडा फरक दिसला, पण मूळ दुखणं ते नव्हतं.

"म्हणजे मी तिला..." मी म्हणाले.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही तिला जेवण दिलंत. बाकीच्या मुलांना तेच जेवण चांगलं आहे. हिला ते चालत नाही, हे तुम्हाला कसं कळणार होतं? आता कळलं."

परतीच्या बसमध्ये ईश्वरी माझ्या मांडीवर झोपली होती. मी तिचे दोन्ही हात माझ्या हातात घेतले आणि सोडून दिले. तिचे हात धरायची मला लाज वाटायला लागली होती.

बारा दिवस

मला वाटलं होतं, घरी जायचं आणि गहू बंद करायचा. पण मॅडमनी सांगितलं होतं की अजून एक तपासणी व्हायला हवी. तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचा बारीक तुकडा काढून बघतात. ती सोय संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात होती आणि आमचा नंबर बारा दिवसांनी लागला. तोपर्यंत गहू थांबवायचा नव्हता. थांबवला तर तपासणीत चित्र स्पष्ट येत नाही.

या आजाराबद्दल कुणी मला विचारलं तर मी त्या बारा दिवसांबद्दल आधी सांगते. न कळता चारलं ते वेगळं. आता मला माहीत होतं. रोज सकाळी मी एक पोळी लाटायची, ती वरणात कुस्करायची आणि तिच्या तोंडाशी न्यायची.

पहिल्याच दिवशी हे म्हणाले, "राहू दे ती दुर्बीण. गहू बंद कर. पोरगी सुधरली म्हणजे कळंलच की काय होतं ते."

मलाही तेच वाटत होतं. मी मॅडमना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, हे पथ्य दोन महिन्यांचं नाही. जन्मभराचं आहे. उद्या ती बरी दिसायला लागली की कुणीतरी म्हणणार, आता काय होतंय, खाऊन बघू दे. तेव्हा तुमच्या मनात शंका नको. म्हणून सांगते."

मी फोन ठेवला आणि यांना सांगितलं. यांनी काठी उचलली. "मग तू चार. मला न्हाई बघवत," असं म्हणून ते कळप घेऊन रोजच्यापेक्षा लवकर निघून गेले. बारा दिवस ते तसेच लवकर जात राहिले. मला त्यांचा राग आला नाही. मलाही जाता आलं असतं तर मी गेले असते.

त्या बारा दिवसांत मी एकच गोष्ट बदलली. तिचे हात धरले नाहीत. ती तोंड मिटून घ्यायची, मी थांबायचे. गाणं म्हणायचे, पिल्लू दाखवायचे, परत घास पुढं करायचे. चार घास खायला तास लागायचा. लागू दे.

दुर्बीण

संभाजीनगरला आम्ही आदल्या दिवशीच पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिला पाणीसुद्धा द्यायचं नव्हतं. वॉर्डात बाकीची मुलं खात होती आणि ती प्रत्येकाच्या हाताकडं बघत होती. "आई, भाकर," एवढंच म्हणत होती. माझ्याकडं भाकरीचा डबा होता, पण तो मला लपवावा लागला.

हिरव्या कपड्यातल्या एका नर्सबाईंनी तिला माझ्या हातातून घेतलं. मी म्हणाले, "तिच्या अंगात फार जीव नाहीये." त्या म्हणाल्या, "माहीत आहे. हळू घेऊन जाते." तेवढ्या दोन शब्दांनी मला दाराबाहेर उभं राहता आलं.

किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. यांनी टोपी काढून हातात धरली होती आणि तिची किनार ते बोटांनी चाचपत होते. मला पहिल्यांदा दिसलं की त्यांचे केस बाजूने पांढरे झालेत.

तिला बाहेर आणलं तेव्हा ती गुंगीत होती. ओठ सुकलेले. मी तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत बसले. डोळे उघडल्यावर तिनं परत तेच मागितलं. डॉक्टरांना विचारलं, आता देऊ का? ते म्हणाले, "ज्वारीची ना? थोड्या वेळानं, अगोदर पाणी. पण हो, द्या. आजपासून गहू बंद."

दुपारी तिनं दाळीत बुडवलेली शिळी भाकर खाल्ली. मी तिच्याकडं पाठ करून रडून घेतलं.

तपासणीचा निकाल नंतर आला. मॅडमचा अंदाज बरोबर होता.

परत पहिल्यासारखं

गहू बंद केल्यावर पहिल्या दहा-बारा दिवसांत तिची शी सुधारली. महिन्याभरात ती शेजारच्या घरापर्यंत चालत गेली. एक दिवस बकरीच्या पिल्लानं तिच्या हातातली पात ओढून नेली तेव्हा ती खळखळून हसली. आत्या चुलीपाशी होत्या. त्या तव्यावरची भाकर तशीच ठेवून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ही हसली? ईशू हसली का आत्ता?" भाकर करपली. ती आम्ही बकरीला दिली.

मी घरातून गहू, रवा, मैदा, शेवया, बिस्किटं सगळं काढलं. हिंगातही गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं हे दवाखान्यातल्या आहाराच्या ताईंनी सांगितलं होतं, तेही काढलं. सगळं घर भाकरीवर आलं.

आणि तिसऱ्या महिन्यात परत पोट फुगलं. परत तोच वास.

मी तिला कुणाकडं पाठवत नव्हते. बाहेरचं काही देत नव्हते. मग कुणी दिलं? माझ्या डोक्यात एकच उत्तर आलं. आत्यांना चहात बिस्कीट बुडवून खायची सवय होती. घरातली बिस्किटं काढली तरी त्या शेजारी जाऊन चहा घेऊन यायच्या, आणि जाताना ईश्वरी त्यांचं बोट धरून असायची.

मी विचारलं नाही. सरळ म्हणाले, "तुमीच देताव तिला. मला माहीत हाय. तुमाला ह्या आजाराचं काही पडलेलं न्हाई."

आत्या माझ्याकडं बघत राहिल्या. "म्या?" एवढंच म्हणाल्या.

"मग दुसरं कोण हाय घरात?"

संध्याकाळी यांनी मला समजावायचा प्रयत्न केला, तर मी त्यांच्यावरही ओरडले. दुसऱ्या दिवशी आत्यांनी पिशवीत दोन लुगडी घातली आणि मानवतची बस धरली. माझी नणंद सविता तिथं असते. जाताना त्यांनी ईश्वरीच्या तोंडावरून हात फिरवला. माझ्याशी बोलल्या नाहीत.

आत्या गेल्या. ईश्वरीचं पोट काही बरं झालं नाही. आठ दिवस गेले, दहा गेले. माझ्या लक्षात आलं की मी चुकलेय, पण चुकलं कुठं ते कळत नव्हतं.

ते मला गावातल्या पिठाच्या गिरणीत कळलं. गिरणी अजीजचाचांची. मी ज्वारीचा डबा घेऊन उभी होते, माझ्यापुढं एक बाई गहू दळून घेत होती. तिचं झालं. चाचांनी माझी ज्वारी वर ओतली. खाली पीठ पडायला लागलं. पहिलं दोन-तीन ओंजळी पीठ तांबूस होतं, मग हळूहळू पांढरं झालं.

हे मी लहानपणापासून बघत आलेय. गव्हावर ज्वारी दळली की पहिलं पीठ मिसळीचं येतं. कुणाचं काही बिघडत नाही. मी चाचांना ओरडून म्हणाले, "थांबवा!"

त्यांनी पट्टा सोडला. "काय झालं बाई? हात अडकला?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, डोक्याचा रुमाल काढून तोंडावरचं पीठ पुसलं. "एवढ्याशा पिठानं पण त्रास होतो तिला?"

"एवढ्याशानंच व्हायलाय. आधी पोळी बंद झाल्यानं सुधरली, पण हे रोजचं थोडं थोडं साठत गेलं."

"मला आधी का नाही सांगितलं? तीन महिने मीच पाजायलोय म्हणा की पोरीला जहर."

"तुमाला काय माहीत चाचा. मलाच माहीत नव्हतं."

त्यांच्याकडं कोपऱ्यात एक जुनी चक्की होती, मिरची-हळदीला वापरायचे. चार दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतलं. ती चक्की त्यांनी पूर्ण खोलली होती, दगड धुऊन उन्हात ठेवले होते, पट्टा बदलला होता. पहिली पायलीभर ज्वारी त्यांनी स्वतःची दळली आणि ते पीठ आमच्या बकऱ्यांना पाठवून दिलं. म्हणाले, "आता हिच्यात फक्त ज्वारी-बाजरी. गहू कुणी आणला तर तिकडची चक्की." आजही तसंच आहे. गावातल्या कितीतरी जणांना त्याचं कारण माहीत नाही.

मानवत

मी ईश्वरीला घेऊन मानवतला गेले. सविताताईंच्या घरी आत्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या. मी त्यांच्या पायाशी बसले. गिरणीचं सगळं सांगितलं. चुकले म्हणाले.

त्यांनी शेंगा फोडणं थांबवलं नाही. "मला ह्या वयात चोर केलंस तू," त्या म्हणाल्या. "माझ्याच नातीच्या जिवावर उठले म्हणलीस."

सविताताई आत चहा करत होत्या, त्यांनी भांड्याचा आवाजसुद्धा होऊ दिला नाही.

खूप वेळाने आत्यांनी विचारलं, "जेवायली का आता?"

"जेवायलीय."

"मग जा तू. पोरगी राहू दे चार दिवस. का तेवढाबी भरोसा न्हाई?"

मी ईश्वरीला तिथं ठेवून आले. घाबरले होते, खोटं कशाला सांगू. स्वच्छ पिठाचा डबा सोबत दिला. चार दिवसांच्या जागी नऊ दिवस झाले. मग आत्या स्वतःच तिला घेऊन बसने आल्या. ईश्वरीच्या गालाला रंग आला होता. पिशवी खाली ठेवायच्या आधी आत्या म्हणाल्या, "मला खाण्याच्या पुड्यावरचं वाचायला शिकीव. गहू कसा लिवतेत ते."

आत्या शाळेत गेलेल्या नाहीत. पण मराठीतला गहू त्या ओळखायला शिकल्या आणि इंग्रजीतलाही. इंग्रजीतल्या 'व्हीट'च्या पहिल्या अक्षराला, W ला, त्या "दोन खड्डे" म्हणतात. लग्नाकार्यात कुणी ईश्वरीच्या हातात पुडा दिला की त्या आधी दोन खड्डे शोधतात. कुणी आग्रह केला, "एवढीशी पुरी खाल्ल्यानं काय होतंय", तर मला बोलायची वेळच येत नाही.

आता

ईश्वरी सात वर्षांची आहे. दुसरीत जाते. वर्गात अजून सगळ्यांत बुटकी आहे, पण पळते, भांडते, बाराखडी लिहिताना कंटाळते. शाळेतली खिचडी तांदळाची असल्यामुळे ती सगळ्यांबरोबर बसून खाते. स्वयंपाकाच्या बाईंनी हिंग सोडून दिला आहे. वाढदिवसाचा केक, देवळातला शिऱ्याचा प्रसाद, आत्तेबहिणीच्या लग्नातली पुरी आणि जिलेबी, हे सगळं तिच्याशिवाय होतं. कधी ती समजून घेते. कधी घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडते. तेव्हा मी तिला समजावत नाही. शेजारी पडून राहते.

अंगणवाडीत मी अजूनही लापशी करते आणि बाकीच्या मुलांना ती द्या म्हणूनच सांगते. पण वजन न वाढणाऱ्या मुलाच्या आईला मी आता पहिल्यांदा विचारते, "काय खाल्लं की बिघडतं? काय मागून खातंय?" आणि ती बोलते ते लिहून घेते. दोघीतिघींच्या मुलांना तपासायला पाठवलं. त्यांच्यात हा आजार निघाला नाही. एकीच्या मुलाला नुसतं दूध पचत नव्हतं, मोठं झाल्यावर तेही पचायला लागलं. प्रत्येक फुगलेलं पोट गव्हाचं नसतं. म्हणून माझं ऐकून कुणी स्वतःच्या मनाने लेकराचं खाणं बंद करू नका. आधी दाखवा.

मागच्या वर्षी मला दुसरी मुलगी झाली, स्वरा. भावंडांमध्ये हा आजार असू शकतो हे मला माहीत होतं. स्वरा सहा महिन्यांची पूर्ण झाली तेव्हा मी परभणीला मॅडमकडं गेले. मला वाटलं, त्या म्हणतील हिलाही देऊच नका.

त्या म्हणाल्या, "द्या. थोडा थोडा द्या, लक्ष ठेवा. दोन-अडीच वर्षांची झाली की रक्त तपासू. भीतीपोटी एका मुलीचा आजार दुसरीला लावू नका."

स्वरा आता दीड वर्षाची आहे. अजून तरी वजन बरोबर चाललंय. तपासणी व्हायची आहे.

तो पहिला दिवस मला सांगायचा आहे. मी शेजारणीकडून वाटीभर रवा आणला. वेगळं पातेलं, वेगळा चमचा, आणि घरात नको म्हणून अंगणाच्या कडेला तीन दगडांची चूल. आत्या म्हणाल्या, "कशाला इस्तवात हात घालायलीस?" पण त्या उठून गेल्या नाहीत. हेही त्या दिवशी कळप घेऊन गेले नाहीत, बाजेवर बसून राहिले.

रव्याची पातळ पेज झाली. मी ती निववली. स्वराला मांडीवर उभी धरून बसवली. चमच्याच्या टोकाला लागेल एवढीच पेज घेतली, आणि माझा हात तिथंच थांबला.

स्वरानंच मान पुढं केली आणि चमचा चाटला. ओठ चाटले. मग माझा हात धरून चमचा परत तोंडाकडं ओढायला लागली.

ईश्वरी उंबऱ्यात उभी होती. मी तिला अंगणात यायचं नाही म्हणून सांगितलं होतं, म्हणून ती तिथंच थांबली होती. तिनं तिथूनच विचारलं, "आई, तिला आवडलं?"

"हो, आवडलं जणू."

तिनं चमच्याकडं बोट दाखवलं.

"कसा लागतो गं गहू?"

तिला आठवत नव्हतं. दीड वर्ष, दिवसातून तीनदा, आणि तिला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. मी स्वराला यांच्याकडं दिलं. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, आणि उंबऱ्यात तिच्याजवळ जाऊन बसले.

"भाकरीएवढा चांगला नाही," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "खरं सांग."

"गोडसर लागतो," मी म्हणाले. "मऊ असतो. चांगला लागतो."

"मग ठीक हाय," ती म्हणाली. "स्वराला दे अजून. ती रडायलीय."